ट्रॅक उघडू दे, पण अकरा महिन्यांच्या कागदावर नको

गेल्या रविवारी सहा वर्षांनी आमच्या मोटारसायकल शर्यतींच्या ट्रॅकवर पाऊल ठेवलं. ट्रॅक म्हणावं असं आता तिथे फार काही उरलेलं नाही. वेड्या बाभळी डोक्याच्या वर गेल्यात, मुरूम पावसाने वाहून गेलाय, मोठ्या उडीचा मातीचा उंचवटा होता त्यावर कुणाच्या तरी शेळ्या चरत होत्या. तिसऱ्या वळणाच्या बाहेरची टायरची भिंत मात्र जागच्या जागी आहे. तिला लाल-पांढरा रंग मी आणि माझ्या भावाने दिला होता, २०१४ च्या मे महिन्यात, भर उन्हात. लाल पार उडालाय. पांढरा अजून दिसतो.

जागेचं नाव लिहीत नाही, कारण मालकांशी बोलणं सुरू आहे आणि आपल्या पोस्टमुळे त्यांना त्रास व्हायला नको. नाशिकमध्ये ज्यांनी तिथली धूळ खाल्ली आहे त्यांना सांगायची गरजच नाही. तर बातमी अशी की मैदान पुन्हा सुरू होण्याची शक्यता आहे. दोन दिवस ग्रुपवर नुसता जल्लोष चाललाय. कुणी जुने फोटो टाकतंय, कुणी माळ्यावरचं हेल्मेट काढून पुसतंय. मलाही मनापासून आनंद झालाय. पण मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे, त्यासाठी ही एवढी लांब पोस्ट. सुरू करायचं असेल तर पूर्वीसारखं शब्दावर आणि अकरा महिन्यांच्या करारावर करू नका.

मला नव्याने ओळखणाऱ्यांसाठी सांगते. गाडी भाऊ चालवायचा, मी टायमिंगच्या टेबलावर बसायचे. सातपूरला हिशेबाच्या कामाला होते, आकड्यात चुकायची नाही म्हणून पहिल्या शर्यतीला मला बसवलं ते शेवटपर्यंत. दोन स्टॉपवॉच, एक लांब वही, आणि वारा सुटला की पानं उडू नयेत म्हणून वर ठेवलेला एक स्पार्क प्लग. अशा नऊ वह्या माझ्या कपाटात आहेत.

शर्यतीचा दिवस पहाटे पाचला टँकरने सुरू व्हायचा. मुरुमावर पाणी कमी पडलं तर पहिल्याच फेरीत पुढचं काही दिसत नाही, जास्त झालं तर वळणावर चाक सुटतं. आमचे टँकरवाले काका वळणाच्या आत कमी आणि सरळ पट्ट्यावर जास्त पाणी मारायचे. मग बोट मातीत खुपसून बघायचे आणि म्हणायचे, "ताई, आठ वाजता सोडा, त्याआधी नको." काकांनी आठ म्हटलं की आठच. त्यानंतर स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची तपासणी. थ्रॉटल सोडला की झटकन मागे येतो का, हँडलची टोकं झाकलेली आहेत का, साइड स्टँड काढलाय का, ऑइलचा बोल्ट तारेने बांधलाय का, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बसतो का. एवढ्या तेवढ्यासाठी परत पाठवलेली मुलं चिडायची, बडबडायची आणि निमूटपणे तार बांधून परत यायची. यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ ला थांबलं, पण आमच्या मैदानावर तिचा धूर पुढची वीस वर्षं होता. आजही कुठे टू-स्ट्रोकचा तो गोडसर वास आला की माझा हात आपोआप घड्याळ शोधतो.

हे नाशिकला शोभणारं होतं. या गावात महिंद्राच्या गाड्या तयार होतात, आमच्या सातपूरला बॉशचा आणि सिएटचा कारखाना आहे. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेतली 'रॅली ऑफ महाराष्ट्र' नाशिकला व्हायची. देशभरातले ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटवर वही धरून वळणं सांगणारे त्यांचे नॅव्हिगेटर इथे यायचे, आणि आपण रस्त्याकडेला उभं राहून बघायचो. गाडीचा एकेक भाग बनवणाऱ्या गावातल्या मुलाला ती गाडी जोरात आणि सुरक्षित चालवून बघायला एक एकर माती मिळू नये, हे मला पटत नाही. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथली मुलं राष्ट्रीय पातळीवर पोचली. आपल्याकडे काय कमी होतं?

कमी होता तो कागद. जमीन ज्यांची, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. अण्णांना गाड्यांतलं काही कळत नव्हतं, पण पोरं एका जागी, डोळ्यांसमोर खेळतात याचं त्यांना समाधान होतं. "माझं शेत नापीक, तुमची हौस पिकू द्या," म्हणायचे. करार अकरा महिन्यांचा, तोही कधी कधी नूतनीकरण न होता तसाच चालायचा. लॉकडाउन लागलं, शर्यती थांबल्या, त्याच वर्षी अण्णा गेले. पुढे वाटण्या झाल्या, प्लॉटिंगचे खुंट ठोकले गेले, आणि आमच्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता. अण्णांच्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांनी त्यांच्या हक्काचं केलं. चूक आमची होती, एका भल्या माणसाच्या शब्दावर आम्ही अख्खा खेळ उभा केला.

हे फक्त आपलंच झालंय असं समजू नका. मद्रासचा शोलावरम आठवा. दुसऱ्या महायुद्धातली ती विमानांची धावपट्टी. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या, माणसांचा समुद्र लोटायचा. पण जागा आपली नव्हे हे क्लबला कळत होतं. त्यांनी श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःची जमीन घेतली, ट्रॅक बांधला आणि १९९० पासून तो चालतोय. शोलावरम गेलं, शर्यत गेली नाही.

आता दुसरं टोक बघा. ३० ऑक्टोबर २०११. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन. त्या रविवारी आम्ही मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टीव्ही लावला होता, चाळीस जण एका पडद्यासमोर. जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला. पुढची दोन वर्षंही तोच जिंकला, आणि २०१३ नंतर शर्यतच आली नाही. उत्तर प्रदेश सरकारने हा खेळ धरलाच नाही, करमणूक धरली आणि करमणूक कर लावला. बाहेरून येणाऱ्या सामानावर सीमाशुल्काचा वाद, उत्पन्नावरच्या कराचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये निकाल आयोजकांच्या विरोधात लागला. मग ज्या बिल्डर कंपनीने ते सर्किट बांधलं तीच बुडाली, थकबाकीपोटी यमुना एक्सप्रेसवे प्राधिकरणाने जमिनीचं वाटप रद्द केलं आणि मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. मधे सप्टेंबर २०२३ मध्ये एकदा मोटोजीपी ही मोटारसायकलींची जागतिक शर्यत झाली, तेव्हा वाटलं आता दिवस फिरले. तीही एकदाच. जगातले सगळ्यात वेगवान ड्रायव्हर ज्या डांबराची तारीफ करून गेले, ते डांबर कागदांच्या भांडणात पडून राहिलं. एवढ्या पैशाला जे वाचवता आलं नाही, ते आपण तोंडी बोलीवर कसं वाचवणार होतो?

खेळ की करमणूक, हा प्रश्न आमच्याही वाट्याला आला होता. परवानगीसाठी मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले, तर टेबलावरचे साहेब म्हणाले, "बाई, हे जत्रेतल्या मौत का कुआं सारखंच ना?" मी त्यांना समजावून सांगत बसले. आज सांगायला एक सोपी गोष्ट आहे. २०१९ मध्ये रॅली ड्रायव्हर गौरव गिलला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. २०२४ च्या डकार या वाळवंटी रॅलीत आपला मोटारसायकलस्वार हरिथ नोआने रॅली-टू हा गट जिंकला, भारतीयाने तिथे गट जिंकण्याची ती पहिली वेळ. अर्जासोबत या दोन ओळी जोडा.

आता धुळीबद्दल, कारण आमच्या बाजूने बोलणारे हा विषय टाळतात. शेजारी द्राक्षबाग होती. एका जानेवारीत शर्यत संपल्यावर बागवाले भाऊ टायमिंगच्या टेबलाशी आले, हातात एक घड. काही बोलले नाहीत. त्यांनी अंगठा एका मण्यावरून फिरवला आणि मला अंगठा दाखवला. तांबडा झाला होता. मण्यावर जी पांढरी झाक असते ती पुसली की माल निर्यातीला चालत नाही, आणि धूळ धुवायला गेलं की झाक जाते. वर्षभराचं कर्ज, दोन छाटण्या, थंडीच्या रात्रींची राखण, आणि आमची मुलं वीस फेऱ्या मारून घरी. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत त्या मैदानावर एकही शर्यत होता कामा नये, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आताही आहे. एप्रिलची खरड छाटणी झाली की वेलीवर घड नसतो. एप्रिल-मे आपले. ऊन आहे, असू दे, टँकर दोन लावू. करारात हे महिने लिहून टाका आणि त्यावर बागवाल्या भाऊंची सही घ्या. शेजाऱ्याचं नुकसान करून खेळ टिकत नाही आणि टिकूही नये.

सुरक्षेचंही तसंच. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरला राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि एकाच घरातले तिघे गेले. ज्यांना वाटतं की दोरी बांधली, दोन पोरं शिट्टी देऊन उभी केली की झालं, त्यांनी ती बातमी पुन्हा वाचावी. मार्शल, म्हणजे वळणावर झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस, शिकलेला हवा, प्रत्येक वळणावर हवा, प्रत्येकाला पुढचा मार्शल दिसायला हवा. रुग्णवाहिका मैदानात उभी नसेल तर इंजिन सुरू करायचं नाही. एकच रुग्णवाहिका असेल आणि ती जखमीला घेऊन गेली, तर ती परत येईपर्यंत शर्यत थांबवायची. यावर वेळेचं कारण सांगणाऱ्याला मी टेबलावरून उठून परत पाठवेन.

मग एवढी कटकट कशासाठी, असं विचारणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहिते. लिहायची नव्हती.

आमच्या गल्लीत एक मुलगा होता. चौदाव्या वर्षी मैदानावर पाण्याचे जार उचलायला यायचा. मला मावशी म्हणायचा. अठरा पूर्ण झाल्यावर लायसन्स काढून पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याची फेरी मी लिहिली आहे, सातव्या वहीत, एक मिनिट अकरा सेकंद. हळू होता. पुढच्या महिन्यात एक मिनिट सहा. त्याच्या पुढच्या शर्यतीत एक मिनिट चार, आणि टेबलाशी येऊन त्याने वहीत डोकावून स्वतःच्या आकड्याखाली नखाने रेघ मारली होती. मग मैदान बंद झालं. त्याच्या हातातला वेग कुठे जाणार होता? रात्री बारानंतर मोकळा रस्ता, दोन गाड्या, कुणीतरी मोबाईलवर शूट करतंय. स्क्रुटिनी नाही, काका नाहीत, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. दुभाजकाला धडकला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याची आई अजून मला रस्त्यात भेटते. ती काही विचारत नाही, पण माझ्या मनात येतं की एप्रिलमध्ये शर्यत असती तर तो रात्री झोपला असता.

सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार. पोलिसांनी पकडावं, गाड्या जप्त कराव्यात, मी त्यांच्या बाजूने आहे. पण त्याच कलमात राज्य सरकारच्या लेखी संमतीचा उल्लेख आहे. म्हणजे कायद्यानेही वाट ठेवली आहे. बैलगाडा शर्यतींचं काय झालं आठवा. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, सगळं नियमात बसवलं तेव्हा शर्यतींचे घाट पुन्हा गजबजले. खेड्यातल्या शेतकऱ्यांनी सात वर्षं धीर धरून हे मिळवलं. आपण शहरातली, शिकलेली माणसं, कागद करायचा कंटाळा करतो?

म्हणून अण्णांच्या धाकट्या मुलाला, दादाला, मी रविवारी स्पष्टच बोलले. प्लॉट विकले जात नाहीत म्हणून त्याला जागा पुन्हा भाड्याने द्यायची आहे, आणि वडिलांची आठवण म्हणूनही. दोन्ही कारणं खरी आहेत. मी म्हटलं, दादा, किमान पंधरा वर्षांचा भाडेपट्टा, दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला, चारही भावंडांच्या सह्या. अकृषिक परवानगी. करार नोंदणीकृत संस्थेच्या नावावर, कुणा एका हौशी माणसाच्या नव्हे, म्हणजे तो माणूस गेला, भांडला, गाव सोडून गेला तरी ट्रॅक राहील. स्पर्धा एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी, विम्यासकट. भाडं तू म्हणशील त्याहून थोडं जास्त देऊ, पण मुदत कमी करू नकोस. तो बराच वेळ टायरच्या भिंतीकडे बघत होता. मग म्हणाला, "ताई, बहिणींना विचारून सांगतो." मला हे उत्तर आवडलं. सह्या चौघांच्या लागणार आहेत हे त्याने ऐकून घेतलं.

ग्रुपवर काही जण म्हणतायत, एवढं ताणू नका, हातातलं जाईल, आधी एक शर्यत भरवू मग कागदाचं बघू. त्या मित्रांचा उतावीळपणा मला समजतो. पण आधी शर्यत आणि मग कागद हे आपण एकदा करून बघितलंय. कागद झाल्याशिवाय मी टेबलावर बसणार नाही, आणि तुम्हीही गाडी उतरवू नका अशी हात जोडून विनंती आहे.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता बाभळी तोडायला जातोय. त्याला दादाची परवानगी आहे. कोयता, हातमोजे, पाणी ज्याचं त्याने आणावं. बंद झालं तेव्हा आपण सामान वाटून घेतलं होतं. दोन्ही स्टॉपवॉच आणि लाल झेंडा माझ्याकडे आहे, पिवळे दोन भावाकडे आहेत, अग्निशामक नळकांडी एका गॅरेजमध्ये आहेत, ती भरून घ्यावी लागतील. चौकड्यांचा झेंडा कुणी नेला होता ते आठवत नाही. ज्याच्याकडे असेल त्याने कळवा.