हप्ता भरून शिक्षिका टिकेल का, हे विचारायलाच हवं

ताई, नमस्कार.

विशेष बी.एड.साठी, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याच्या पदवीसाठी, कर्ज काढण्यापूर्वी कोणता हिशेब मांडावा, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि रागाने लिहिलंत. तुम्ही वीसेक वर्षं मुंबईतल्या अनुदानित विशेष शाळेत शिकवताय, तेव्हा 'मताचा आदर आहे' म्हणून दोन ओळींत उरकणं मला पटणार नाही. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताईंचं म्हणणं असं की, सेवेच्या क्षेत्राला मी नफातोट्याचं माप लावलं. पगार बघून येणाऱ्यांनी इकडे येऊच नये. परदेशातही हे काम कमी पगारावरच चालतं. आणि शिक्षकांचा एवढा तुटवडा असताना असे लेख मुलींना घाबरवतात. त्यांच्या भाचीने तर लेख वाचून प्रवेशाचा फॉर्म भरायचं थांबवलं आहे.

भाचीबद्दल शेवटी लिहिते.

तुटवडा खरा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं प्रमाण घालून दिलं. ते प्रमाण आपल्या शहरातल्या किती शाळांत दिसतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पण ताई, तुटवडा म्हणजे नोकरी नव्हे. मुलांना शिक्षक हवेत, पण मंजूर पदं नाहीत. पद असलं तर भरती नाही. भरती झाली तर ती कंत्राटी. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले, तेव्हा कुठे २०२४मध्ये राज्य सरकारने ४,८६० पदांचा निर्णय घेतला. ती वर्षं ज्यांनी काढली, त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज असतं, तर त्यांनी काय केलं असतं?

आता आकडे. माझ्या लेखात ते घाईत आले होते, इथे नीट मांडते.

समजा एका मुलीने दोन वर्षांची फी आणि राहणं-खाणं धरून ३ लाख कर्ज घेतलं, दरवर्षी दीड लाख, साडेदहा टक्क्यांनी. चार लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, म्हणून हा आकडा घेतला. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. तीन वर्षांनी ते जवळपास ७९ हजार होतं आणि मुद्दलात जमा होतं. मग सात वर्षांच्या फेडीला महिना सुमारे ६,४०० रुपयांचा हप्ता बसतो. शेवटी बँकेला गेलेले असतात ५ लाख ३६ हजार.

हा हप्ता कशातून भरायचा? सातव्या वेतन आयोगात माध्यमिक शिक्षकाची श्रेणी ३८,६०० पासून सुरू होते, वर महागाई आणि घरभाडं भत्ता. तेवढं हातात आलं तर ६,४०० जड नाही. पण त्या श्रेणीपर्यंत पोचायच्या आधी काय असतं? सर्वसाधारण शाळांत सरकारनेच ठरवलेलं शिक्षणसेवकाचं मानधन २०२३पासून माध्यमिकला १८,००० आहे, आणि ते तीन वर्षं. त्यातून हप्ता गेल्यावर उरतात ११,६००. डोंबिवलीत तिघींत खोली, रेल्वेचा पास, डबा आणि घरी पाठवायचे दोन पैसे, हे सगळं त्यात बसवायचं. विनाअनुदानित विशेष शाळेत किंवा शॅडो टीचर म्हणून, म्हणजे सर्वसाधारण वर्गात एकाच मुलासोबत बसून त्याला मदत करणारी शिक्षिका म्हणून, सुरुवात केली तर १८,००० चीही खात्री नाही. शॅडो टीचरला पालक पैसे देतात, आणि मे महिन्याच्या सुट्टीत बहुतेक ठिकाणी देत नाहीत. हप्ता मात्र मे महिन्यातही कापला जातो.

याला तुम्ही नफातोटा म्हणता. मला इथे मुलांचं नुकसान दिसतं, म्हणून एक प्रसंग सांगते.

एका वर्गात सात-आठ वर्षांचा स्वमग्न मुलगा होता, बोलत नसे. त्याच्या बाईंनी कितीतरी महिने खपून त्याला चित्रकार्ड दाखवून 'शू'ला जायचं सांगायला शिकवलं. कार्ड दाराजवळ, त्याच्या हाताच्या उंचीवर, वेल्क्रोने चिकटवलेलं. आधी बाई हात धरून ते काढायला लावत, मग नुसतं कोपराला बोट लावत, मग नुसतं कार्डाकडे बघत, आणि एक दिवस तो आपणहून उठून गेला. बाई हुशार होत्या, जीव लावणाऱ्या होत्या आणि कर्जात होत्या. हप्ते थकले, गावाकडे जामीनदार म्हणून सही केलेल्या मामाला बँकेचे फोन सुरू झाले, तेव्हा त्यांनी दुप्पट पगाराची कॉल सेंटरची नोकरी धरली. जागेवर नवीन कुणी येईपर्यंत वर्ग मदतनीस मावशींनी सांभाळला. कुणीतरी भिंत साफ करताना कार्डं काढून कपाटात ठेवली. मुलगा रोज दाराजवळच्या रिकाम्या जागेवर हात फिरवायचा आणि मग चड्डी ओली करायचा. आई म्हणाली, 'हा परत मागे गेला.' आयईपीच्या, म्हणजे त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या, फायलीत सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं, पण ती उघडून वाचायला कुणी नव्हतं.

त्या बाईंमध्ये सेवाभाव कमी होता, असं तुम्ही म्हणाल का? मी म्हणणार नाही. प्रवेश घेताना त्यांना कुणी हप्त्याचा हिशेब मांडून दाखवला असता, तर कदाचित त्या आजही त्या वर्गात असत्या. आपल्या मुलांना सगळ्यात जास्त कशाची गरज असेल तर टिकणाऱ्या माणसाची. म्हणून माझा आग्रह आहे की कर्ज एवढंच घ्यावं, की पहिली चार-पाच वर्षं कमी पगारातही वर्ग सोडावा लागू नये.

'पगार बघून येणाऱ्यांनी येऊच नये' हे वाक्य मला फार लागलं. पगार न बघणं कुणाला परवडतं? जिचं दादरला स्वतःचं घर आहे, नवऱ्याचा पगार चांगला आहे, तिला. तिने जरूर यावं. पण जिच्या घरात बहिरा भाऊ आहे म्हणून जी लहानपणापासून खुणांनी बोलत आली, ती चिपळूणची किंवा कुर्ल्याच्या चाळीतली मुलगी पैशाचा विचार केल्याशिवाय कशी येईल? तिला 'हिशेब करतेस म्हणजे तू या कामाची नाहीस' असं सांगायचं? या क्षेत्राला तर अशाच मुली हव्यात.

परदेशाचं म्हणाल तर अमेरिकेतही विशेष शिक्षिका कर्ज आणि पगार यांच्या ओढाताणीत असतात. पण तिथलं सरकार कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळेत सलग पाच वर्षं शिकवणाऱ्या पात्र विशेष शिक्षकाचं १७,५०० डॉलरपर्यंत शैक्षणिक कर्ज माफ करतं. बहुतेक इतर विषयांच्या शिक्षकांना ही मर्यादा ५,००० डॉलर आहे. म्हणजे माणूस टिकवायचा तर कर्जाचा भार उचलावा लागतो, हे तिथे कायद्याने मानलं आहे. तशी मागणी आपण इथे का करू नये? तुमच्यासारख्या अनुभवी बाईंनी ती केली, तर तिला वजन येईल.

आता भाची. तिला फॉर्म भरू द्या, मी थांब म्हटलेलं नाही. मात्र आधी कॉलेजला त्याच वर्षासाठी आणि त्याच विशेषीकरणासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची (विशेष शिक्षणाच्या कोर्सना मान्यता आणि शिक्षकांना नोंदणी देणारी केंद्रीय संस्था) मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत बघायला सांगा. ती नसेल तर नोंदणी क्रमांक मिळणार नाही, आणि नोंदणीशिवाय हे काम करणं १९९२च्या कायद्याने गुन्हा आहे. मग राहील फक्त कर्ज. श्रवणबाधित मुलांसोबत काम करायची तयारी असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेची फी तिने आधी विचारावी, ती केंद्र सरकारची संस्था आहे. कर्ज ३ लाखांवरून १ लाख २० हजारांवर आलं, तर वरच्याच हिशेबाने हप्ता अडीच हजारांच्या आसपास येतो. तेवढा १८,००० मधूनही निघतो.

घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत तिचा कोर्स आणि कॉलेज बसतं का, हे बँकेकडून लेखी घ्यावं. तोंडी 'हो हो, मिळेल' यावर विसंबू नये. अनुदान नसेल तर शिकतानाच, आणि हप्ता सुरू होईपर्यंत, व्याज भरत जावं. पहिल्या वर्षी महिना तेराशे, पुढे सव्वीसशे. हे जमलं तर तीन लाखांचा हप्तासुद्धा पाच हजारांवर येतो.

आणि ताई, तुमच्याकडून एक हवं आहे. तुमच्या शाळेत आज नव्याने लागलेल्या मुलीच्या हातात महिन्याला किती पडतात आणि पगार किती तारखेला होतो, हे शाळेचं नाव न घेता इथे लिहाल का? हा ब्लॉग वाचणाऱ्या बऱ्याच मुली येत्या महिन्यात बँकेत जाणार आहेत.