"ही नीड नॉट कम" बरोबरच आहे!

आज लेकीची सातवीची इंग्रजीची वही बघितली आणि डोकंच फिरलं. तिने लिहिलंय, "ही नीड नॉट कम," म्हणजे त्याने यायची गरज नाही. बाईंनी लाल पेनाने नीडला एस चिकटवलाय, नॉटपुढे टू घुसवलाय आणि अर्धा मार्क कापलाय. अहो, बरोबर होतं ते! तिथे नीड कॅनसारखंच वागतं. "ही कॅन्स नॉट टू कम" म्हणतो का आपण? एसचीच हौस असेल तर "ही डझन्ट नीड टू कम" लिहा.

या नीडने मला रडवलंय एकदा. पहिली नोकरी, फोर्टला. धो धो पाऊस, कल्याणहून लोकलने रखडत, चपला हातात धरून ऑफिस गाठलं. साहेब म्हणाले, "यू नीडन्ट हॅव कम." मला वाटलं, तुझी गरज नाही म्हणतायत. बाथरूममध्ये जाऊन रडले. वर्षभराने उमगलं, ते म्हणत होते, "अगं, नसती आलीस तरी चाललं असतं."

"डिडन्ट नीड टू" म्हटलं तर माणूस गेला की नाही ते कळत नाही. "नीडन्ट हॅव" म्हणजे गेला, आणि उगाच गेला. हे शाळेत कुणी मराठीत सांगितलं असतं तर!

मराठीत सगळं आहे हो. "आजोबा पहाटे उठायचे" म्हणजे यूज्ड टू गेट अप. "आजोबांना पहाटे उठायची सवय आहे" म्हणजे इज यूज्ड टू गेटिंग अप. मुलं या दोन्हींची खिचडी करतात, कारण त्यांना फक्त व्याकरणाचा तक्ता पाठ असतो. आणि नीडसारखंच वागणारं डेअर म्हणजे तर आपलं सरळ धजणं.

मान्य, बोलताना "नीड नॉट" हल्ली कमी ऐकू येतं, "डोन्ट नीड टू"वर भागतं. म्हणून बरोबर उत्तरावर काट मारायची?

बाईंवर चिडून लिहायला बसले होते. पण साठ वह्या तपासतात त्या, आणि त्यांनाही हाच तक्ता मिळाला असणार. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणलं आपण, शिकवणाऱ्यांच्या हातात काय दिलं? बाईंशी उद्या शांतपणे बोलेन.

लेक मात्र म्हणते, "आई, नको ना जाऊस." बरोबर असूनही विचारायला धजत नाही माझी पोर! खाली तेच चुकीचं वाक्य पाच वेळा लिहून आणायला सांगितलंय. तिची तीनदा लिहून झालीत. उरलेली दोन मी लिहू देणार नाही.