इशारा पातळी २७, धोका पातळी ३०

सांगलीत कृष्णामाईचं एक बरं असतं. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. वाद नाही, चर्चा नाही. तुमच्या कर्तृत्वालाही अशीच पट्टी लावून घ्या. वय २७ आणि नोकरी कायम नाही, तर इशारा. वय ३० आणि पुण्यात वन बीएचकेसुद्धा नाही, तर धोका. सामान माडीवर हलवा, जनावरं सोडा. ही पट्टी कुणी रंगवली असले प्रश्न विचारू नका. आत्या, मामा, शेजारच्या काकू आणि वधू-वर सूचक मंडळाचा फॉर्म यांनी मिळून रंगवलीय. ऑइलपेंट आहे, पुसत नाही.

तेव्हा आपल्याला काय आवडतं, याचा शोध घेऊ नका. चुकून लागलाच तर हरिपूरच्या पेवात टाकून द्या. जुन्या लोकांनी जमिनीत खोल पेवं खणून वर्षानुवर्षं हळद टिकवली, तिथं तुमचं तबल्याचं वेड का टिकणार नाही? भाव आला की काढायचं. भाव साधारण रिटायर झाल्यावर येतो. तोवर २००५ सारखं पाणी आत शिरलं तर मात्र नाइलाज.

हल्ली पेव फुटलंय ते अभ्यासिकांचं. तिथं एक खुर्ची धरा आणि 'अजून एकच अटेम्प्ट' म्हणत राहा. अधिकारी का व्हायचंय असं मुलाखतीत विचारलं तर समाजसेवा म्हणा, घरी विचारलं तर लाल दिवा. दिवा २०१७ सालीच गाड्यांवरून उतरला, पण मामांच्या डोक्यातला अजून चालू आहे.

आदर्श मात्र थोर ठेवावेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतली शिकवण्याची नोकरी सोडली, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं आणि १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना मांडला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच सांगलीत नाटक केलं. छानच. पण एकाच्या नावाचं रेल्वे स्टेशन आहे, दुसऱ्याच्या नावाचं नाट्यमंदिर. आपल्याकडे नाव पाटीवर लागलं की मग सोडलेली नोकरी माफ होते. तुमच्या नावाचा निदान एसटीचा थांबा होईपर्यंत राजीनामा देऊ नका.

यशाचा खरा पुरावा पाहायचा तर विट्याकडं जा. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली आणि काहींनी गावाकडं टोलेजंग बंगले बांधले. वर्षभर कुलूप, यात्रेला उघडतात. (दुष्काळानं त्यांना बाहेर काढलं, हौसेनं कोण जातंय, पण तेवढं वगळून वाचा.) तुमच्यामागं दुष्काळ नसला तरी चालेल. बंगला बांधा, राहू नका. कुलूप मात्र रस्त्यावरून दिसलं पाहिजे.

अपयश कसं दिसतं, तेही पाहून ठेवा. माझा एक वर्गमित्र. इंजिनिअर, हिंजवडीत चांगली नोकरी. आई आजारी पडली म्हणून आला आणि परत गेलाच नाही. आता पंपसेट दुरुस्त करतो. दुपारी दीडला घरी जेवतो. संध्याकाळी पोरीला घेऊन घाटावर जाऊन बसतो, म्हणे पाणी बघायला. कर्ज नाही, प्रमोशन नाही, बीपीची गोळीसुद्धा नाही! अशा माणसासाठी आमच्या नातेवाइकांकडं शब्द नाही, म्हणून सगळे 'अजून सेटल व्हायचाय' म्हणतात. वय ४३.

गेल्या दिवाळीत त्याला चार शब्द सांगावेत म्हणून गेलो. खंबाटकीत दोन तास अडकलो, तेवढ्यात ऑफिसचे तीन कॉल घेतले. पोचलो तर साहेब झोपलेले. दुपारचे! वहिनी म्हणाल्या, "उठवू का?"

"नको नको," म्हटलं, "मला निघायचंच आहे."

त्यांनी दोन किलो भडंग बांधून दिलं. ऑफिसात सगळ्यांना फार आवडलं.