गेलेल्यांच्या नावाने आहेत त्यांना बोल लावू नका

‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या रॉक बँडच्या कालच्या कार्यक्रमाच्या एका छायाचित्राखाली आज कोणीतरी लिहिले, ‘असीम गेले, सुष्मित बाहेर पडले, आता हा इंडियन ओशन नव्हेच’, आणि त्याखाली बदामांची रांग लागली. ते वाचल्यापासून माझा संताप आवरत नाही.

या बँडचे गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्तींना मी प्रत्यक्ष ऐकले आहे. मांडी घालून, समोर तबला ठेवून, हात क्षणभरही न थांबवता ते गात असत. एकदा आईला घेऊन गेले होते. तिचे माहेर शहाद्याचे. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे उठवलेली नर्मदाकाठची कुटुंबे तिकडेच, शहादा-तळोद्याच्या भागात वसवली गेली. रॉक वगैरे तिला ठाऊक नव्हते, पण ‘मा रेवा’ हे नर्मदेचे गाणे सुरू झाले आणि तिने भजनात धरतात तशी टाळी धरली. “वाजवतोय तोच गातोय, मग श्वास केव्हा घेतो गं?” असे तिने मला कानाशी येऊन विचारले. हे गाणे बँडचे बास गिटारवादक राहुल राम यांच्यासोबत नर्मदा खोऱ्यातून, त्यांच्या नर्मदा बचाव आंदोलनातल्या वर्षांतून आलेले आहे, हे मी तिला नंतर सांगितले.

25 डिसेंबर 2009 रोजी असीम गेले. 1990 मध्ये दिल्लीत त्यांच्यासह हा बँड उभा करणारे गिटारवादक सुष्मित सेन 2013 मध्ये बाहेर पडले. त्या गिटारीची जागा भरलेली नाही, हे मलाही मान्य आहे. पण म्हणून राहुल राम आणि ड्रमवादक अमित किलम या जुन्या दोघांनी वाद्ये गुंडाळून ठेवायची होती काय? नंतर आलेल्या हिमांशू जोशी, तुहीन चक्रवर्ती आणि निखिल राव यांनी आयुष्यभर बदली कामगारासारखे उभे राहायचे काय? तुम्ही त्यांचे गाजलेले ‘कंदिसा’ 2000 साली कॅसेटवर ऐकलेत, म्हणून त्या गाण्याचा सातबारा तुमच्या नावावर झाला नाही.

नव्या संचाच्या कार्यक्रमालाही आई आली होती. “तो तबलेवाला कुठे आहे?” तिने विचारले, मी सांगितले, आणि दोन गाणी ती काहीच बोलली नाही. ‘मा रेवा’ला मात्र तिने पुन्हा टाळी धरली, तशीच, आणि गाणे संपेपर्यंत सोडली नाही. तिला दुःख झाले नव्हते असे कोण म्हणेल?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. ज्यांनी ते लिहिले त्यांनाही असीम यांची आठवण छळत असणार, आणि ती मलाही छळते. पण ती आठवण आज घाम गाळून वाजवणाऱ्यांच्या तोंडावर फेकू नका. पुढचा कार्यक्रम जवळपास असेल तेव्हा माझ्याबरोबर चला. तिकिटे मी काढते.