दाखव बघू, कसा आलाय?

फोनवर कुणाचाही फोटो काढा, समोरून लगेच हात पुढे येतो. "दाखव बघू." मग "ई, डोळे मिटलेत, परत काढ." मग केस सारखे होतात, हनुवटी वर जाते, आणि चौथ्या फोटोत जे हसू उरतं ते लग्नाच्या बायोडेटाला लावता येईल असं असतं.

माझ्या झेनिटला, म्हणजे जुन्या रशियन फिल्म कॅमेऱ्याला, मागे पडदा नाही, नुसतं काळं झाकण आहे. फिल्मवर फोटो काढण्यात एवढं काय ठेवलंय असं लोक विचारतात तेव्हा त्यांना ग्रेन, टोन, जुने दिवस असलं काहीतरी ऐकायचं असतं. ते आहेच. पण माझ्यापुरतं खरं सुख त्या काळ्या झाकणात आहे. समोरच्याला बघता येत नाही, मलाही नाही. फोटो काढला की मी त्या माणसाची देणेकरी होते. धुऊन, छापून हातात नेऊन देईपर्यंत उधारी.

कॅमेरा चोरबाजारातला. झेनिट-ई, पुढच्या बाजूला १९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकची खूण. दुकानदार अडीच हजारांवरून हलेना, मी बाराशेच्या वर जाईना. शेवटी त्यातला लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजणारा काटा, मेलाय हे दाखवल्यावर सौदा पटला. त्या मीटरला बॅटरी लागत नाही, सेलेनियमवर चालतो, पण सेलेनियमही म्हातारं होतं. बाकी कॅमेरा ठणठणीत. भिंगासकट किलोभर वजन आणि शटरचा आवाज असा की ट्रेनमध्ये झोपलेला माणूस दचकावा.

मीटर नाही त्याचं काही अडत नाही. कडक उन्हात एफ १६ ठेवायचं (एफ म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडं त्याचा आकडा; आकडा लहान तितकं तोंड मोठं) आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे ती उजेडाला किती तिखट आहे त्या आकड्याच्या, जवळचा. २०० ची फिल्म असेल तर १/२५०. ढगाळ असलं की एफ ८, आभाळ भरून आलं की ५.६. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हेच. चुकलंच तर उजेड थोडा जास्त पडू द्यावा. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड पोटात घालते, कमी पडलेला मात्र माफ करत नाही.

आता भिंग. हेलिऑस ४४-२, ५८ मिमी, एफ २. जर्मनीतल्या येनाच्या झाइस कंपनीच्या बायोटार भिंगाची ही रशियन नक्कल. त्याला अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे ते तोंड लहानमोठं करणाऱ्या, दोन रिंगा आहेत. एकीवर आधी आकडा ठरवायचा, दुसरी पूर्ण उघडून फोकस करायचा, आणि फोटो काढायच्या आधी ती अडेपर्यंत बंद करायची. हे शेवटचं मी निम्म्या वेळा विसरते. पण एफ २ लाच ठेवलं आणि माणसामागे झाड असलं की पानांमधले उजेडाचे ठिपके कडांकडे लिंबासारखे लांबट होतात आणि त्या माणसाभोवती गोल फिरत असल्यासारखे दिसतात. भिंग बनवणाऱ्यांच्या लेखी हा दोष. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेल्या माझ्या आत्याचा असा एक फोटो आहे. आत्या म्हणते, "मला चक्कर आली होती का गं तेव्हा?"

पहिल्या रोलची गोष्ट सांगायला लाज वाटते, तरी सांगते. फिल्मचं टोक स्पूलमध्ये, म्हणजे ती गुंडाळून घेणाऱ्या रिळात, अडकलंच नव्हतं. मी अख्खी गिरगावची शोभायात्रा ऐटीत टिपत फिरले, छत्तीस फोटो झाले, आणि धुतल्यावर निघाली पारदर्शक पट्टी. तेव्हापासून लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची गुंडी फिरतेय ना, हे आधी बघते. ती फिरली तरच आत फिल्म सरकतेय.

दुसरा शत्रू आपली हवा. माहीमच्या दमटपणात कपाटातल्या भिंगाला दोन पावसाळ्यांत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. म्हणून माझा कॅमेरा आईच्या पापडाच्या हवाबंद डब्यात राहतो, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पापड आता पिशवीत असतात आणि मऊ पडतात. तळताना दर वेळी माझा उद्धार होतो.

आमच्याकडे बाबांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. रोलला बाराच फोटो. गणपती, दिवाळी, ताईच्या मुलीचं बारसं असं सगळं एकाच रोलवर, आणि तो संपेपर्यंत धुवायला टाकायचा नाही असा घरातला कायदा. बारशाचे फोटो आले तेव्हा मुलगी रांगत होती. तेव्हा याला कुणी संयम वगैरे म्हणत नव्हतं, पैसे वाचवणं म्हणायचे. आज मला एक फोटो चाळीसेक रुपयांना पडतो, रोल, धुलाई, स्कॅन सगळं धरून. त्यामुळे फिल्म म्हणजे साधी राहणी असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. महागडा नाद आहे, सरळ मान्य करावं.

आणि एक राग काढून घेते. एका लॅबमध्ये रोल दिला, स्कॅन मेलवर आले, निगेटिव्ह आणायला गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "त्या टाकल्या मॅडम, हल्ली कुणी नेत नाही." माझं डोकंच फिरलं. अहो, निगेटिव्ह हाच फोटो! स्कॅन म्हणजे त्याची झेरॉक्स. लोक हजार रुपयांची फिल्म घालतात, फोनवर टाकायला फाइल घेतात आणि मूळ वस्तू कचऱ्यात सोडून येतात. मग फोनचा फिल्टर काय वाईट होता?

तर उधारी. दादरच्या फूलबाजारात पहाटे साडेपाचला वसईची एक मावशी सोनचाफा घेऊन बसते. पहिल्या लोकलनं आलेली असते. तिच्या टोपलीवर एक ट्यूबलाइट. इलफर्डची एचपी ५ फिल्म घातली होती, ४०० ची, काळी-पांढरी. एफ २, शटर १/३०, श्वास रोखून. मावशी फुलं मोजत होती, खटाक ऐकून तिनं वर पाहिलं. "दाखव."

"यात दिसत नाही मावशी. धुऊन आणावा लागतो."

"मग आण धुऊन," म्हणाली आणि पुन्हा मोजायला लागली. दुसऱ्या फोटोत ती मला विसरलेली आहे. बोटं फुलांवर, ओठ आकड्यावर. रोलमध्ये अजून अकरा फोटो उरले होते, ते संपायला तीन आठवडे गेले.

प्रिंट घेऊन गेले तर तिनं आधी हात पदराला पुसले. मग स्वतःला सोडून सगळं बघितलं: टोपली, शेजारणीचा झेंडू, मागून जाणारा हमाल. "हा गावाला गेला बघ," म्हणाली. आणि मग टोपलीवर बोट ठेवलं.

"माझा चाफा पांढरा कसा झाला गं? हा काय कवठी चाफा आहे?"

काळी-पांढरी फिल्म म्हणजे काय ते मी सांगून पाहिलं. तिला ते काही पटलं नाही. "पिवळा आण," एवढंच म्हणाली, आणि प्रिंट मात्र ठेवून घेतला.

आता कॅमेऱ्यात रंगीत रोल घातलाय. अडचण अशी की रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असते, ट्यूबखाली काढलं की सगळ्यावर हिरवट झाक येते. म्हणजे या खेपेला मावशी विचारणार, हिरवा चाफा कुठून आणलास.