मूत्रपिंडाला आकडा दिसत नाही

नमस्कार. रक्तदाब सांभाळणाऱ्या हार्मोन्सवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. पहिला बिनशर्त मान्य. मूत्रपिंडातून सुटणाऱ्या रेनिनला मी सरसकट हार्मोन म्हणून टाकलं. खरं तर ते एन्झाइम, म्हणजे विकर. यकृतातून आलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडणं हे त्याचं काम. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरा मात्र पटला नाही. ‘रक्तदाब सांभाळायला एवढे हार्मोन्स असतील तर लोकांना बीपी होतंच कसं? म्हणजे ही यंत्रणा कागदावरच,’ असं तुम्ही लिहिलंत. शरीर १२०/८० हा आकडा राखत बसलंय, असं तुम्ही यात धरून चालला आहात. मूत्रपिंडाला आकडा दिसतच नाही. त्याला मुख्यतः कळतं ते आपल्याकडे रक्त किती दाबाने येतंय आणि आपल्या नलिकांतून मीठ किती जातंय. हे कमी झालं की रेनिन सुटतं, त्यातून टप्प्याटप्प्याने अँजिओटेन्सिन-२ बनतं आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. शिवाय मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे हार्मोन येतं आणि मीठ-पाणी शरीरातच अडवलं जातं.

आता १९३४ सालचा अमेरिकन डॉक्टर हॅरी गोल्डब्लाट यांचा प्रयोग बघा. त्यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने अरुंद केली. अंगातला रक्तदाब ठीकच होता, पण चिमट्यापलीकडच्या मूत्रपिंडापर्यंत पुरेसं रक्त पोचेना. त्याने ओरड केली आणि सगळ्या शरीराचा दाब चढला. (ही ओरड रेनिनमार्फत पोचते, हे नंतरच्या संशोधनातून उलगडलं.) यंत्रणा चोख चालली होती, तिला मिळालेली बातमीच चुकीची होती. माणसांतही ही रोहिणी अरुंद झाली की हेच घडतं.

याच्या उलटही होतं. जेरोम कॉन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५५ मध्ये असा आजार वर्णन केला, ज्यात अधिवृक्क ग्रंथी कुणी न सांगताच अल्डोस्टेरॉन ओतत राहते. तिथे रेनिन बिचारं गप्प असतं. म्हणून रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही एकत्र तपासतात.

बहुतेकांच्या बीपीमागे असं एक कारण सापडत नाही, हे खरंच. तरी कॅप्टोप्रिल हे बीपीचं औषध त्यांच्यातल्या अनेकांना लागू पडतं. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातून सुचलेलं हे औषध १९८१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते अँजिओटेन्सिन-२ बनवणारं एन्झाइम रोखतं. कागदावरच्या यंत्रणेला गोळी लागू पडली नसती.

या गटातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो. तेच एन्झाइम एरवी ब्रॅडिकायनिन नावाचं शरीरातलं एक रसायनही मोडतं, ते साचू लागतं, हे त्यामागचं मुख्य कारण मानतात. त्यावर सवडीने लिहीन.