तां कोणी सांगल्यान त्येका?

देवगड तालुक्यातल्या एका बाजारगावात गेली चौदा वर्षं माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पोरांची अ‍ॅडमिशनं, लग्नपत्रिका आणि मार्च ते मे आंब्याच्या पेट्यांची लेबलं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक इन्व्हर्टर, ज्याच्या बॅटरीबद्दल न बोललेलंच बरं.

मागच्या जूनमधली गोष्ट. एक काका नातीचा अ‍ॅडमिशन फॉर्म भरायला आले. शेवटचा दिवस, बाहेर धो धो पाऊस. फोटो चढला, सही चढली, आणि लाईट गेली. इन्व्हर्टरने दोन मिनिटांत मान टाकली. लाईट आल्यावर मशीन चालू केलं तर पडद्यावर ठिपक्यांचं रिंगण आणि टक्के. चूक माझीच, आठवडाभर ‘नंतर’, ‘नंतर’ करत मीच ते विंडोजचं अपडेट तुंबवून ठेवलं होतं.

“बाय, ह्यां काय फिरता? माका चारची एस्टी गावाक व्हयी.”

“अपडेट होता हा, काका. बंद करूक देणा नाय.”

काका छत्री मांडीवर धरून ते ठिपके बघत बसले. तीस टक्क्यांवर बराच वेळ अडकलं तेव्हा म्हणाले, “तां कोणी सांगल्यान त्येका?” म्हणजे, हे करायला त्याला सांगितलं कोणी?

फॉर्म शेवटी मी मोबाईलवर भरला, बारीक अक्षरं मोठी करकरून. काकांना साडेपाचची एस्टी मिळाली. त्यांचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला तो राहिलाच.

अपडेट नकोच, असं माझं म्हणणं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला आणि जगभरातल्या कॉम्प्युटरांवरच्या फायली ओलीस धरून पैसे मागू लागला. त्याला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. जे अडकले त्यांच्यातल्या बहुतेकांनी ती घेतलीच नव्हती. दुकानात लोकांचे आधार आणि पासबुकं स्कॅन होतात, तेव्हा हा धोका मला कोणी समजावायला नको. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी या दुरुस्त्या निघतात, आपल्याकडे पोचेपर्यंत बुधवारची सकाळ उजाडते, हेही आता पाठ झालंय.

पण आमच्याकडे पावसाआधी घर शाकारतात. गडी येतो, फुटकी कौलं काढतो, नवी बसवतो, खाली उतरून चहा घेतो आणि जातो. तो चुलीची जागा बदलत नाही. विंडोजमध्ये मी एकच गोष्ट बदलू शकत असते, तर हीच बदलली असती: शाकारणी वेगळी ठेवा, चूल वेगळी. सुरक्षेची दुरुस्ती मी त्याच रात्री घेईन. बटण इकडचं तिकडे, शोधायच्या चौकटीत बातम्या, स्टार्ट मेनूत कुठल्याशा अ‍ॅपची शिफारस, हे सगळं मला विचारून करा. आणि विचारताना ‘होय’ आणि ‘नंतर’ एवढंच देऊ नका, ‘नको’ पण द्या. कोकणात पाहुणा ‘नको’ म्हणाला तरी चहा येतोच हे खरं, पण निदान त्याला ‘नको’ म्हणू तरी देतात! इथे अपडेट थांबवायचं म्हटलं तर जास्तीत जास्त पाच आठवडे, पुढे घ्यावंच लागतं.

लोक ओरडले तरी मायक्रोसॉफ्टवाले ऐकतच नाहीत, असंही नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण काढून टाकलं होतं. लोकांनी डोकं खाल्लं, दुसऱ्या वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं. मग २०२१ मध्ये ११ आलं तेव्हा टास्कबार खालून हलवायची सोय काढली. माझ्या जुन्या मशीनवर ती पट्टी वर्षानुवर्षं डावीकडे उभी, कारण फॉर्म लांबच लांब असतात आणि खालची दोन बोटं जागा वाया घालवणं मला परवडत नाही. कोणाला त्रास होत होता तिचा?

आता या जुन्या मशीनबद्दल. २०१६ चं आहे, सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर. समुद्र इथून तीन किलोमीटर. खाऱ्या हवेने दोन एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) आणि तीन कीबोर्ड खाल्ले, यूएसबीच्या खाचा गंजल्या, पण मदरबोर्ड ठणठणीत. रॅम वाढवली, एसएसडी घातली, नव्यासारखं पळतं. तरी ११ साठी नापास! त्याला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय आहे ती, चांगलीच आहे. पण विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरणाऱ्यांना आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या घ्यायची मुभा दिली. म्हणजे मरणाची तारीख पुढे गेली, एवढंच. चालणाऱ्या मशीनला शाकारणी तरी द्या ना, चार पैसे घ्या हवं तर. माझ्यासारख्यांनी ही डबडी टाकायची कुठे? भंगारवाला किलोवर नेतो.

आणि मराठी. इथे मी जरा जास्तच चिडते, समजून घ्या. २०१९ पासून विंडोजमध्ये उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी कीबोर्ड आहे, त्यांना धन्यवाद. कृतिदेव या जुन्या फॉन्टच्या जमान्यात एका मशीनवरची पत्रिका दुसऱ्यावर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची, त्यातून युनिकोडने, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच ओळखायच्या पद्धतीने, सोडवलं. पण मराठी ‘ल’ आणि ‘श’ अजून हट्टाने हिंदी वळणाचे उमटतात. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा शासन निर्णय काढून आपली वळणं ठरवून दिली. भाषा ‘मराठी’ निवडली की प्रत्येक ठिकाणी तीच वळणं यायला हवीत, फॉन्ट शोधत फिरायला लागू नये.

दुसरं ते ‘ऱ्य’. एका ट्रेकिंगवाल्या ग्रुपचं पत्रक मी घाईत टाइप केलं, ‘सह्याद्रीच्या दर्या’. दीडशे प्रती काढल्यावर त्यांच्यातल्या एका मास्तरांनी चष्मा खाली घेऊन विचारलं, “ताई, सह्याद्रीत समुद्र कधी शिरला?” दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दऱ्या. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की ऱ येतो, हे मला माहीत होतं, बोट चुकलं. कागदाचे पैसे माझ्या खिशातून गेले. पण इंग्रजी शब्द चुकला की लगेच लाल रेघ येते. मराठीत अशा जागी कॉम्प्युटर नुसता हळूच खोकला तरी पुरे, कोकणात बसून दर्या आणि दऱ्या यांतला फरक कळायलाच हवा.

“मग लिनक्स टाक ना,” असं माझा भाचा दर गणपतीला सांगतो. विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम ती. टाकलंय त्या जुन्या मशीनवर, खोटं कशाला बोलू, झकास चालतं. पण डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे सही साठवलेली यूएसबी किल्ली, त्यावर मला काही केल्या चालवता आलं नाही आणि जुना स्कॅनर रुसून बसला. विंडोजची खरी ताकद तीच आहे. पंधरा वर्षांपूर्वीचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आजही त्यावर मुकाट उघडतं. इतकी जुनी माणसं सांभाळणाऱ्या घराला जुनं मशीन तेवढं जड का होतं, ते मला कळत नाही.

सध्या दुकानात एकावर विंडोज ११, दुसऱ्यावर लिनक्स. बुधवारी अर्धा तास लवकर शटर उघडते, आलेलं अपडेट गिऱ्हाईक यायच्या आधी उरकून घेते.

काका परवा सातबारा काढायला आले होते. आत येण्याआधी दारातूनच पडद्याकडे मान वाकडी करून बघितलं.

“आज फिरणा नाय मां?”

“नाय काका, सकाळीच फिरान झाला. बसा.”